बीजिंगच्या हुतोंगमधल्या (जुन्या गल्ल्यांतल्या) घरांना भिंतीच्या तळाशी जाळीची वीट कशासाठी?

प्रश्न
बीजिंगच्या जुन्या चौकाच्या घरांच्या (सिहयुआन) फोटोंत करड्या, कोऱ्या भिंतीच्या अगदी तळाशी मध्येच एखादी फुलापानांची सच्छिद्र वीट दिसते. ही नुसती शोभा की काही काम? आणि मुख्य दरवाजा मधोमध सोडून कोपऱ्यात का?

उत्तर १
कामच, आणि फार मोलाचं. तिला 'तोउफंग' म्हणतात, म्हणजे वारा खेळता ठेवणारी. या घरांत छपराचा भार लाकडी खांब-तुळयांवर असतो. 'भिंत पडली तरी घर पडत नाही' अशी तिथली म्हणच आहे. पण कडेचे खांब भिंतीच्या जाडीत गाडलेले. ओली वीट लाकडाला टेकली की बुंधा आतल्या आत कुजतो. म्हणून खांबाभोवती कौलांचे तुकडे लावून पोकळी ठेवतात आणि तळाशी ही वीट बसवतात. जाळी दिसली की तिच्यामागे खांब आहे असं समजा. दोन जाळ्यांमधलं अंतर म्हणजे एक खण.

घात होतो सिमेंटच्या गिलाव्याने. जाळी बुजते, जमिनीतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, ती वर चढते, लोणा लागतो, विटांचे पापुद्रे सुटतात. १९७६च्या तांगशान भूकंपानंतर चौकाचौकांत तात्पुरते निवारे उभे राहिले आणि पुढे तेच कायमच्या खोल्या झाले. त्यांच्या भिंतींमागेही कितीतरी जाळ्या गेल्या.

दुरुस्ती करताना आधी तुळईला टेकू द्यायचा. मग कुजलेला बुंधा कापून नवं लाकूड अर्ध्या-अर्ध्या छेदाने जोडायचं आणि सांध्याला लोखंडी पट्ट्या आवळायच्या. भिंतीतल्या खांबाला उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत, उघड्या खांबाला एक पंचमांशापर्यंतच हे चालतं. कूज त्यावर गेली असेल तर खांबच बदला. आणि पुन्हा भिंत बांधताना पोकळी विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया.

उत्तर २
दरवाजाचं: मुख्य घर उत्तरेला, दक्षिणाभिमुख, म्हणजे हिवाळ्यात ऊन खोलवर येतं. दरवाजा आग्नेय कोपऱ्यात, कारण फंगश्वीत (चिनी वास्तुशास्त्रात) ती दिशा शुभ. आत शिरताच समोर पडदाभिंत येते, त्यामुळे गल्लीतून चौक दिसत नाही.

उत्तर ३
वरच्या उत्तरात एक भर. आग्नेय कोपरा गल्लीच्या उत्तरेकडच्या घरांना. हुतोंग बहुधा पूर्व-पश्चिम धावतात, त्यामुळे दक्षिणेकडच्या घरांना गल्लीवर दरवाजा काढायचा तर तो वायव्य कोपऱ्यात येतो.

दार किती आत बसवलंय तेही पाहा. आढ्याखालच्या खांबांच्या ओळीत असेल तर ते 'ग्वांगल्यांग' दार, अधिकाऱ्याचं घर. थेट वळचणीखालच्या ओळीत आणि दोन्ही बाजूंना विटांनी भरून अरुंद केलेलं असेल तर 'रूयी', सामान्य घराचं. पण रूयी दारावरचं विटांचं कोरीवकाम कधीकधी इतकं भरगच्च असतं की बघणारा फसतो. म्हणून नक्षी नंतर बघा, आधी दाराची खोली.

प्रश्नकर्ता
माझ्याकडच्या फोटोत रूयी दार आहे, आणि उजवीकडची जाळी अर्धी गिलाव्याखाली गेलेली दिसते.

उत्तर १
तो गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढता येतो. जाळीची वीट मऊ असते, हातोडा जोरात घातला तर नक्षीच तुटेल.