समुद्राच्या तापमानातली 'विसंगती': दुसरा शब्द आहे का?

भाषांतरी
उष्णकटिबंधीय महासागर आणि वातावरणाच्या स्थितीवरचं एक मासिक वार्तापत्र मराठीत करतोय. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात 'अ‍ॅनॉमली' आहे, म्हणजे नेहमीच्या सरासरीहून किती फरक. पाण्याच्या तापमानाची, वाऱ्याची, ढगांची. मी सरसकट 'विसंगती' लिहिलं. संपादकांनी लाल करून परत पाठवलं. म्हणे विसंगती म्हणजे मेळ न बसणं, वाचणाऱ्याला वाटेल आकडेच चुकलेत. काही सुचतंय का? परवा द्यायचंय.

शब्दखोर
विचलन. यात चर्चा कसली?

वाळूघड्याळ
विचलन संख्याशास्त्राने कधीच बळकावलंय. प्रशांतातलं ताहिती आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन इथल्या हवेच्या दाबांतला फरक प्रमाण विचलनाने भागूनच तो दक्षिणी आंदोलनाचा, म्हणजे प्रशांतावरच्या हवेच्या दाबाच्या झोक्याचा, निर्देशांक काढतात. एकाच परिच्छेदात दोन विचलनं कशी नांदवणार? सरळ 'तफावत' लिहा.

शब्दखोर
तफावत अरबी-फारसी. शास्त्रीय लेखनात माझी हरकत राहील.

वाळूघड्याळ
'हरकत' कुठली हो?

निमित्तमात्र
मुळाशी गेलात तर गंमत आहे. बरेच जण अ‍ॅनॉमलीचा संबंध ग्रीक 'नोमोस'शी, म्हणजे नियमाशी लावतात. तो चूक. मूळ शब्द 'होमालोस', म्हणजे सपाट, सारखा. त्यातला 'होमोस' आणि आपला 'सम' एकाच घरातले. म्हणजे 'वि' लागून झालेला 'विषम' हा अ‍ॅनॉमलीचा चुलतभाऊच!

वाळूघड्याळ
आणि उपयोग शून्य. विषम हवामान म्हटलं की शाळेतल्या भूगोलामुळे कडक उन्हाळा-कडक हिवाळाच डोळ्यांसमोर येतो. विषमता तर समाजशास्त्राकडे गेली.

तांडेल
संपादकांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मी जहाजावर होतो तेव्हा समुद्राच्या पाण्याचं तापमान नोंदवणं आमच्याकडे असे. बादलीने उपसलेलं पाणी तापमापी बुडेपर्यंत वाऱ्याने निवायचं, इंजिनाकडे ओढलेल्या पाण्याचा आकडा थोडा चढा यायचा. त्यामुळे एखादी नोंद फार वेगळी दिसली की पहिला संशय मोजणाऱ्यावर. १९८२ मध्ये नेमकं हेच नडलं. प्रशांत महासागर तापत होता, पण जहाजांकडून आलेल्या काही नोंदी नेहमीच्या आकड्यांच्या इतक्या बाहेर होत्या की संगणकाने त्या चुकीच्या ठरवून गाळल्या. मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीच्या धुरळ्यामुळे उपग्रहांनाही पाणी होतं त्याहून थंड दिसत होतं. एवढा मोठा एल निनो, आणि बरेच महिने कुणाला पत्ता नाही. त्यानंतर विषुववृत्ताच्या पट्ट्यात सत्तरेक बोये, म्हणजे मोजमाप करणारे तरंगते पिंप, नांगरून ठेवले, ते काम १९९४ पर्यंत चाललं. तेव्हा 'विसंगती' म्हणजे चूक असं यंत्रालाही वाटलं होतं, वाचकाला का नाही वाटणार?

भाषांतरी
तांडेलसाहेब, हे फारच कामाचं. पण माझी खरी अडचण वाऱ्यात आहे. 'मध्य प्रशांतावर पश्चिमी विसंगती' याचं मी 'पश्चिमेकडून वारे वाहू लागले' केलंय.

वाळूघड्याळ
ते आधी खोडा! तिथे वारे एरवी पूर्वेकडून येतात. समजा नेहमी ताशी २५ किलोमीटर, आणि या महिन्यात १०. फरक पश्चिमेकडचा १५, पण वारा पूर्वेचाच, फक्त मंदावलेला. 'पूर्वेचे वारे नेहमीपेक्षा मंद' असं लिहा. ढगांच्या रकान्यातही जपून. तिथे अवकाशात निसटणारी उष्णता मोजलेली असते. उंच ढगांचे माथे थंड, म्हणून ती घटते. आकडा ऋण असेल तर ढग जास्त.

निमित्तमात्र
मग नामच कशाला हवं? 'पाणी १.२ अंशांनी नेहमीपेक्षा गरम.' संपलं.

भाषांतरी
वाक्यात चालेल. रकान्याच्या डोक्यावर काय लिहू?

निमित्तमात्र
'नेहमीपेक्षा फरक'.

शब्दखोर
'नेहमी' हा बाजारातला शब्द आहे, मोजमापातला नव्हे. इथे नेहमी म्हणजे ३० वर्षांची सरासरी, सध्या बहुधा १९९१ ते २०२०. प्रशांताच्या तापमानाच्या एका निर्देशांकासाठी अमेरिकन हवामान संस्था तर ती ३० वर्षं दर पाच वर्षांनी पुढे सरकवत आली आहे. समुद्रच तापत चाललाय, जुनी सरासरी धरली तर जो तो महिना एल निनोकडे झुकलेला दिसेल. सरकणाऱ्या गोष्टीला नेहमी म्हणता? 'सरासरीपासूनचे विचलन' लिहा.

वाळूघड्याळ
'सरासरी' फारसी आहे बरं का. आता हरकत नाही?

शब्दखोर
ती रुळलेली आहे.

वाळूघड्याळ
आणि तफावत काल उतरली का जहाजातून?

तांडेल
जहाजाला मध्ये आणू नका. आम्ही 'फरक' म्हणायचो.

पाणकळा
मध्येच विचारतो. एल निनो की अल निनो? वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतं.

निमित्तमात्र
'एल'. स्पॅनिशमधलं पुल्लिंगी उपपद आहे ते, अरबी 'अल' नव्हे. आणि 'निनो'सुद्धा चूकच. तिथे आपला ञ आहे. वर्णमालेत बिचारा रिकामा बसलाय, 'निञो' लिहा.

शब्दखोर
प्रथमच सहमत.

वाळूघड्याळ
अहो, वाचणार कोण ते? फोनवर ञ सापडेपर्यंत ला निना येईल.

निमित्तमात्र
ला निञा.

भाषांतरी
मंडळी, रकान्याचं डोकं अजून रिकामंच आहे.

पाणकळा
पण ञ चा उच्चार न्य की य्ँ?