इर्शाळवाडीचे ‘सुंदर’ फोटो

कळवेकर_जुना: काल इथे एकाने इर्शाळवाडीचे फोटो टाकले. मागे धुक्यात इर्शाळगड, हिरवंगार गवत, मधून दरडीचा लालसर पट्टा, खाली अर्धी उरलेली भिंत. कॅप्शन काय तर ‘विनाशातली कविता’. आणि त्यावर बदामांचा पाऊस! १९ जुलै २०२३ च्या रात्री झोपेतली वाडी गाडली गेली, २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत आणि शोध थांबवला. म्हणजे ज्या गवतावर तुम्ही फोकस मारलात त्याच्या खाली माणसं आहेत अजून, आणि तुम्हाला कविता सुचतेय. स्मशानात जाऊन लाकडं किती छान रचलीत म्हणाल का?

गवत_उगवतं: फोटो माझेच आहेत. त्या भिंतीवर एक खुंटी होती, तिला पिशवी अडकवलेली, दोन पावसाळे खाऊन पांढरी पडलेली. ती बघून मी अर्धा तास कॅमेराच काढला नव्हता. सुंदर दिसलं म्हणून दुःख कमी होतं असं कोणी ठरवलं? घाण, थरथरलेले फोटो काढले असते तर चाललं असतं का तुम्हाला?

कळवेकर_जुना: पिशवीचा फोटो टाकला असतास तर मी बोललो नसतो. टाकलंस धुकं.

पाटीबाई: २००४ च्या त्सुनामीनंतरचा अर्को दत्तांचा कडलूरचा फोटो आठवा. बाई वाळूत पालथी, दोन्ही तळवे वर, आणि कडेला मेलेल्या नातेवाइकाचा नुसता हात. वर्ल्ड प्रेस फोटोचा मोठा पुरस्कार मिळाला त्याला. सुंदरच आहे तो, पण दुसऱ्यांदा बघवत नाही.

कळवेकर_जुना: हो पण त्यात बाई आहे ना! इथे माणूसच गायब. शिवाय फोटो कुठले निघतात तेही बघा. २६ जुलै २००५ म्हटलं की सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आणि तिकडच्या बुडालेल्या गाड्या. बदलापूर, कल्याण, आमचं कळवा पोहत होतं का नव्हतं हे कोणाला ठाऊक?

ऐरोलीकर: ठाण्यात नाल्यावर घरं बांधली तर पोहणारच. नवी मुंबईत पावसाचं पाणी साठवून धरणारे धारण तलाव आहेत, भरतीला झडपा बंद, ओहोटीला उघडून पाणी खाडीत. प्लॅनिंग म्हणतात याला.

पाटीबाई: ब्रोशर वाचताय का हो? त्या तलावांत गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय आणि ती काढायची तर कोर्टाची परवानगी लागते. गेल्या जुलैत माझी स्कूटर सबवेत बंद पडली, गुडघाभर पाण्यात ढकलत आणली, तेव्हा कुठे होतं तुमचं प्लॅनिंग?

ऐरोलीकर: सबवे आणि तलाव यांचा संबंध काय? भरतीचं टाइमटेबल बघून निघायचं असतं.

पाटीबाई: वा! आता ऑफिसला जायलाही चंद्र बघायचा.

कळवेकर_जुना: झालं, आलं सगळं खाडीवर. खारफुटी कोणी कापली ते सांगा आधी, भराव टाकून टॉवर...

गवत_उगवतं: दादा, धागा तुमचाच आहे. २००५ ला तुमच्याकडे पाणी किती चढलं होतं?

कळवेकर_जुना: माळ्याच्या एक वीत खाली. अल्बम सगळे भिजले. आई एकेक फोटो दोरीवर वाळत घालत होती, चड्ड्यांच्या शेजारी. चिकटलेले फोटो सुकवायचे नसतात, आधी स्वच्छ गार पाण्यात भिजवून हळू सोडवायचे, हे नंतर कळलं. आम्ही ओढले. आई-बाबांच्या लग्नाचा फोटो काचेलाच चिकटला, बाबांचा चेहरा काचेवर राहिला आणि कागदावर नुसता गुलाबी-पिवळा ओघळ. शालूचा जर मात्र तसाच.

पाटीबाई: मग फेकला?

कळवेकर_जुना: नाही. फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. येणारे-जाणारे विचारतात पेंटिंग कोणाचं. हो, दिसतो चांगला. खूश?

गवत_उगवतं: खूश नाही. तो इथे टाकाल?

कळवेकर_जुना: मुळीच नाही. तू आधी ते कॅप्शन काढ.

गवत_उगवतं: काढलं. फोटो ठेवतोय, आणि पिशवीचा पहिला लावलाय.

ऐरोलीकर: झडपांबद्दल मी बोललो ते कोणी खोडलेलं नाही, नोंद घ्या.