अनुभव धागा: "हे शिकून करणार काय?" – लिबरल आर्ट्स, करिअर सेल आणि आपण

धागाकर्ती (इतिहास)

लिबरल आर्ट्स, म्हणजे इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान असं काही, घेतलं की पहिल्या वर्षापासून "मग पुढे काय?" सुरू होतं, आणि विचारणाऱ्याला बहुतेकदा उत्तर नकोच असतं. म्हणून हा धागा. कॉलेजच्या करिअर सेलने, शिक्षकांनी, सीनियर मंडळींनी तुम्हाला नेमकी काय मदत केली? कशाचा काडीचाही उपयोग झाला नाही? मोकळेपणाने लिहा, फक्त कॉलेजांची आणि माणसांची नावं नकोत.

सुरुवात मीच करते. आमचा करिअर सेल झेरॉक्सच्या खोलीला लागून होता. तीन वर्षं झेरॉक्स काढल्या, शेजारचं दार कधी ढकललं नाही. ते कॉमर्सवाल्यांसाठी असतं, अशी आपली समजूत. शेवटच्या सत्राचा दीड महिना उरला तेव्हा पोटात गोळा आला आणि गेले. तिथल्या मॅडमनी सीव्ही मागितला. जेमतेम अर्धं पान: गुण, येणाऱ्या भाषा आणि 'वाचनाची आवड'.

"प्रबंध कशावर केलास?"

एका संस्थेच्या जुन्या पत्रव्यवहारावर, म्हटलं.

"किती पत्रं होती?"

२४० च्या आसपास.

"मग त्यांचं केलंस काय?"

मी सांगत गेले. बऱ्याच पत्रांवर तारीखच नव्हती, मजकुरावरून काळ ठरवावा लागला. एक्सेलमध्ये सूची केली. दोन पत्रांतला हिशेब जुळेना तेव्हा तिसरं शोधून काढलं. त्या पेन्सिलने लिहीत होत्या. थोड्या वेळाने कागद माझ्याकडे फिरवला: '२४० हस्तलिखित पत्रांची सूची केली. तारीख नसलेल्या पत्रांचा काळ पुराव्यानिशी ठरवला. आठ महिन्यांचं काम मुदतीत संपवलं.' 'वाचनाची आवड'वर काट मारलेली होती. कागदपत्रं तपासण्याची माझी पहिली नोकरी या तीन ओळींवर लागली. मुलाखतीत त्यांनी दुसरं काही फारसं विचारलंच नाही.

शेवटचा बाक (तत्त्वज्ञान)

आमच्याकडे मदत म्हणजे एक चाचणी. हॉलमध्ये बसवून सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतला आणि आठवड्याने हातात तीन अक्षरांचा कोड टेकवला. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाच्या सहा प्रकारांवर बेतलेली चाचणी होती ती: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलाकार, लोकांत रमणारे, धडपडे उद्योगी आणि व्यवस्थित चाकोरीतले. मी निघालो शोध घेणारा, कलाकार, लोकांत रमणारा. बरं, मग? त्यावर बोलायला कुणाकडेच वेळ नव्हता. चाचणीला मी नावं ठेवत नाही, पण ती बोलणं सुरू करायला असते. आमच्याकडे बोलणं तिथेच संपलं.

खरी मदत झाली ती एका सरांच्या हट्टामुळे. म्हणाले, महिन्याभरात पाच माजी विद्यार्थ्यांशी वीस-वीस मिनिटं बोलायचं. अट एकच, नोकरी मागायची नाही. मला लाज वाटली. परक्या माणसाला उगाच कसं छळायचं? तेव्हा त्यांनी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा लेख वाचायला दिला. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, ती ओळख किती जवळची? बहुतेकांची ओळख अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाशी होती. कारण साधंच आहे. जिवलग मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, बातमी बाहेरून येते. माझी चौथ्या बोलण्यातून आली. त्यांच्या जुन्या ऑफिसात कुणीतरी गुंतागुंतीचे नियम सोप्या भाषेत लिहून देणारा हवा होता. अशी नोकरी असते हेच मला ठाऊक नव्हतं.

पावसाळी (नाट्यशास्त्र)

माझा अनुभव कडू आहे, थोडक्यात लिहिते. प्रत्येक वेळी एकच सल्ला: इंटर्नशिप कर. यादीतल्या सगळ्या चांगल्या इंटर्नशिप बिनपगारी. सुट्टीत कमावलं नाही तर पुढची फी भरता येणार नाही, असं सांगितलं तर म्हणाले, "ही गुंतवणूक समज." गुंतवायला आधी हातात काही लागतं ना! ज्यांच्या घरी होतं त्यांचे सीव्ही भरले. मी तीन सुट्ट्या कॉल सेंटरमध्ये काढल्या आणि ते लिहायचं नाही असं समजून बसले. अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात 'प्रॅक्सिस' नावाची योजना आहे, बिनपगारी इंटर्नशिप करणाऱ्या मुलींना कॉलेजच भत्ता देतं. मला विचाराल तर दहा कार्यशाळांपेक्षा हे एक करा.

धागाकर्ती

@पावसाळी, कॉल सेंटर लिहायचंच! चिडलेल्या माणसाला फोनवर शांत करणं किती जणांना जमतं?

टेबलापलीकडून (समुपदेशक)

मी करिअर सेलमध्ये काम करते, तेव्हा जरा आमची बाजू. मुलं येतात ती शेवटच्या दोन महिन्यांत, रडवेली होऊन, आणि तेव्हा आम्ही फक्त सीव्हीची मलमपट्टी करू शकतो. पहिल्या वर्षी पंधरा मिनिटं आलेल्या मुलासाठी मला जे करता येतं ते नंतर दोन तासांतही होत नाही. अर्थात ती येत नाहीत याला आम्हीही जबाबदार आहोत. आमच्या दारावर फक्त कंपन्यांच्या तारखा लावलेल्या असतात. इतिहासाच्या मुलीने ते वाचून आत का यावं?

हल्ली मी एकच गृहपाठ देते: पदनाम आणू नका, क्रियापदं आणा. या सत्रात काय काय केलंत? मुलाखती घेतल्या, उतारे ताडून पाहिले, भांडणाऱ्या गटाकडून वेळेत सादरीकरण करून घेतलं. एका मुलाने 'समजावलं' हे क्रियापद अकरा वेळा लिहून आणलं होतं. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

गंमत म्हणून सांगते, आमच्या या पेशाचा मूळपुरुष मानले जाणारे फ्रँक पार्सन्स शिकले इंजिनियरिंग, मग शाळेत शिकवलं, मग वकील झाले. १९०८ मध्ये बॉस्टनला त्यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं आणि त्याच वर्षी वारले. त्यांचं पुस्तक नंतर, १९०९ मध्ये आलं. वाट सरळ असावी असा आग्रह धरणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट हमखास ऐकवते.

अर्धविराम (समाजशास्त्र)

मला सगळ्यात जास्त फायदा झाला मॉक इंटरव्ह्यूचा, आणि तो बघताना अक्षरशः कानकोंडा झालो. त्यांनी रेकॉर्डिंग केलं होतं. प्रश्न होता, "गटात काम करतानाचा एखादा पेचप्रसंग सांगा." उत्तराची सर्वमान्य चौकट तुम्हाला माहीत असेल: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. मी चार मिनिटं बोललो, त्यातली साडेतीन परिस्थितीवर! पाहणी कुठे होती, प्रश्नावली तशीच का होती, त्यामागचे मतभेद कोणते. घेणाऱ्या ताईंनी व्हिडिओ थांबवला. "छान. पण यात तू कुठे आहेस?"

आपल्या सगळ्यांना ही खोड असते. तीन वर्षं संदर्भ द्यायला शिकवलेलं, 'मी' लिहिलं की गुण कापलेले. मुलाखतीत मात्र समोरच्याला तेवढा 'मी'च ऐकायचा असतो. दुसऱ्या खेपेला परिस्थिती दोन वाक्यांत उरकली. तिसऱ्या खेपेला परिणामापर्यंत पोचलो. तीन सराव, एकूण दीड तास. कॉलेजातला इतका कामाचा दीड तास मला दुसरा आठवत नाही.

विरामचिन्ह नको (साहित्य)

धाग्याला जरा गालबोट लावतो. सगळ्याचं 'कौशल्य' करून टाकायची ही घाई मला खटकते. कविता वाचली की 'संवादकौशल्य', वाद घातला की 'चिकित्सक विचार'. लिबरल या शब्दाच्या मुळाशी स्वतंत्र माणूस आहे. स्वतंत्र माणसाला शोभतील अशा त्या जुन्या सात विद्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. पोटासाठी करायच्या कामांपासून त्या मुद्दाम वेगळ्या काढलेल्या. मी साहित्य घेतलं कारण मला साहित्य हवं होतं. करिअर सेलमध्ये गेलो की ते काहीतरी लपवायचं आहे असं वाटायचं.

टेबलापलीकडून

तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. त्या सात विद्या शिकणाऱ्या स्वतंत्र माणसाचं पोट दुसरं कुणीतरी भरत होतं. आज समोर बसणाऱ्या मुलीवर घर अवलंबून असतं. कवितेला कौशल्य म्हणू नका, चालेल. कविता शिकताना तुम्ही जे केलंत त्याला मोबदला मिळू शकतो, एवढं तिला सांगितलं तर कवितेचं काय बिघडतं?

विरामचिन्ह नको

बिघडत नाही. पण मला तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नवी वही (मानसशास्त्र, दुसरं वर्ष)

सगळं वाचतेय. @शेवटचा बाक, त्या माजी विद्यार्थ्यांना मेल कसा लिहायचा? दोन दिवस ड्राफ्ट उघडून बसलेय. 'आदरणीय' लिहू की नुसतं 'नमस्कार'?

शेवटचा बाक

नमस्कार पुरे. माझा होता तसाच देतो:

"नमस्कार. मी तुमच्याच विभागात दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही इथून सध्याच्या कामापर्यंत कसे पोचलात हे ऐकायला आवडेल. नोकरीसाठी विचारत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? वेळ तुमच्या सोयीने."

बास. आत्मचरित्र नको, सीव्ही जोडायचा नाही. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करायची, नंतर सोडून द्यायचं. माझ्या पाचातल्या दोघांनी कधीच उत्तर दिलं नाही, मग आणखी दोघांना लिहिलं.

नवी वही

तिघांना पाठवला. एकाचं उत्तर तासाभरात आलं, शनिवारी बोलू म्हणाले!! आता विचारायचं काय?

शेवटचा बाक

'तुमच्या कामाचं स्वरूप काय' हे विचारू नकोस, माहितीपत्रक वाचून दाखवतील. गेला मंगळवार कसा गेला ते विचार. सकाळी बसल्या बसल्या पहिलं काय केलं, कुणाशी वाजलं, कशात वेळ फुकट गेला. आणि वीस मिनिटं झाली की तूच सांग, वेळ झाली म्हणून.