मदत हवी आहे : बांधकाम चालू असलेल्या पुलाचं जुनं स्केच

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत पेन्सिल आणि शाईचं एक स्केच सापडलंय. सही नाही, तारीख नाही. आजोबा निसर्गचित्रं काढायचे, त्यामुळे त्यांचंच असावं असं घरच्यांना वाटतं.

चित्रात नदीवरचा दगडी पूल अर्धवट आहे. दोन कमानी पूर्ण, तिसरीखाली लाकडी सेंटरिंग (कमान बांधताना खालून आधार देणारा सांगाडा) अजून तसंच. म्हणजे माथ्यावरचा कळीचा दगड बसायचा बाकी असणार, तो बसेपर्यंत सगळं वजन त्या लाकडांवरच. परांचीवर दोन गडी, खाली पाटी घेतलेली बाई. तिच्या पदराची रेघ एका झटक्यात ओढलीय, बघत राहावंसं वाटतं! मागे सपाट माथ्याचा डोंगर.

कोल्हापूरकडच्या कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती, यांपैकी कुठल्या नदीवर असा पूल आहे का? करवीर, पन्हाळा, राधानगरीकडच्यांनी जरूर सांगा. ब्रह्मपुरीजवळचा शिवाजी पूल हा नव्हे, काठ अगदीच खेड्यातला आहे.

दुसरं, कागद पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलाय आणि तपकिरी डाग पडलेत. फ्रेमवाले लॅमिनेशन करा म्हणतात, पण ते परत काढता येत नाही, म्हणून मी नको म्हटलं. आम्लविरहित माउंट (कागद खराब न करणारा, चित्रामागे लावायचा पुठ्ठा) कोल्हापुरात कुठे मिळेल? पुठ्ठा सोडवून देणारं जाणकार कुणी आहे का? अबालाल रहमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात असं माणूस नक्की असेल. फोटो कमेंटमध्ये टाकतोय.