पावसात सापडलेली दिवाळी : तुमच्या घरचे अनुभव सांगा

दिवाळी म्हणजे कोरडी, गार पहाट असं आपण धरून चालतो. अलीकडे मात्र परतीचा पाऊस रेंगाळतो, नाहीतर अरबी समुद्रात वादळ उठतं, आणि ऐन फराळाच्या आठवड्यात आभाळ भरून येतं. तेव्हा घराघरांत काय बिघडतं आणि त्यातून कशी वाट काढतात, हे एकमेकांना कळलं पाहिजे असं मला फार वाटतं. पावसानं किंवा आणखी कशानं तुमच्या सणात अडचण आणली असेल तर लिहा. फराळाचं लिहिलंत तर नेमकं काय केलंत तेही सांगा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे पातळ पोह्यांना आधी गच्चीवर कडकडीत ऊन देतात, म्हणजे चिवडा परतताना पोहे आकसत नाहीत. एका वर्षी ऊनच नव्हतं आणि पोहे हाताला दमट लागत होते. सासूबाईंनी मोठी कढई काढली आणि मंद आचेवर थोडे थोडे पोहे कोरडेच परतले. पोहा चिमटीत धरला की चुरला पाहिजे, हीच त्यांची परीक्षा. मग वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण गार केले. गरम चिवडा डब्यात भरला की आतल्या वाफेनंच मऊ पडतो, पावसाळी हवेत तर हमखास. तो चिवडा भाऊबिजेपर्यंत कुरकुरीत राहिला.

कुडाळ

2019 ची दिवाळी आम्ही विसरणार नाही. ‘क्यार’ वादळ समुद्रातच राहिलं, पण पावसानं सगळी किनारपट्टी झोडपून काढली. भात कापणीला आलेलं. काही कापून मळ्यात आडवं पडलं होतं, त्यावर पाणी चढलं. नरकचतुर्दशीला नव्या भाताचे पोहे करायचे ही आमची रीत. बाबा मळ्यातून एक लोंबी घेऊन आले. दाण्यादाण्यातून पांढरा कोंब बाहेर आला होता. वर्षभराचं पोटाचं अन्न होतं ते. आई म्हणाली, “पोहे जुन्या भाताचे करूया, देवाक चलतत.”

पहाटे तुळशीपुढे कारीट (छोटं कडू रानफळ) फोडायचं तर अंगणात घोट्याएवढं पाणी. आजोबांनी तरीही तुळशीपुढेच जायचं ठरवलं. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली आणि त्यांनी “गोविंदा, गोविंदा” करत डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं. मग पडवीत सगळे मांडीला मांडी लावून बसलो. गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले पोहे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. वाडीतली माणसं एकमेकांकडे पोहे खायला जातात, ती त्या वर्षीही भिजत आली. प्रत्येक घरी पहिलं बोलणं भाताचंच होतं.

फोंडा, गोवा

आमच्याकडे चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात. मुलं कित्येक रात्री जागून बांबू, गवत आणि कागदाचा सांगाडा उभा करतात. एकदा आदल्या संध्याकाळीच सर आली. ताडपत्री आणेपर्यंत तोंडाचा कागद लोंबायला लागला. माझा धाकटा रडवेला झाला. वाड्यावरच्या थोरल्या मुलांनी नरकासुर उचलून एका गॅरेजात नेला, पंखे लावले आणि रात्रभरात तोंड नव्यानं चिकटवलं. पहाटे तो व्यवस्थित जळला. घरी येऊन मुलं रोसांतले फोव (नारळाच्या रसातले पोहे) खाऊन जी झोपली ती दुपारपर्यंत.

लंडन

कुडाळच्या ताईंनी 2019 लिहिलंय म्हणून सांगतो. त्या वर्षी 27 ऑक्टोबरला अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होतं, आणि नेमकी त्याच दिवशी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली. आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. फोन आपोआप बदलले, बाबांचं मनगटी घड्याळ जुन्याच वेळेवर. पाच वाजले समजून बाबा चारला उठले, उटणं लावून न्हाऊन तयार झाले आणि देवापुढे पणती लावून आमची वाट बघत बसले. आम्ही उठलो तेव्हा उजाडायला पुष्कळ वेळ होता. त्या जास्तीच्या तासात बाबांनी माझ्या मुलीला त्यांच्या लहानपणची दिवाळी सांगितली, बंबात पेटवायच्या लाकडांपासून ते लवंगी माळेतल्या न उडालेल्या फटाक्यांपर्यंत. तिला ती अजून तोंडपाठ आहे.

धाराशिव जिल्हा

आमचं जरा वेगळं आहे, तरी लिहिते. आमच्याकडं दिवाळीचा बाजार सोयाबीनवर चालतो. सोयाबीन विकलं की किराणा, मुलांचे कपडे, सासरी गेलेल्या लेकींची बोळवण. सप्टेंबर 2025 मध्ये जे पाणी आलं त्यात शेतातलं उभं सोयाबीन कुजलं. नदीकाठच्यांची तर मातीच वाहून गेली. जे हाती लागलं ते काळं पडलेलं, भाव कोण देणार?

फराळ करावा का, यावर घरात बोलणं झालं. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, लेकरांसाठी करायचाच, पण तिन्ही घरांचा मिळून एकच. एका चुलीवर शंकरपाळी आणि शेव केली, बाकी काही नाही. लाडवाला तूप परवडत नव्हतं. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी मात्र आणली. पाडव्याला दारापुढं शेणाच्या गवळणी घालतो, त्या घातल्या. अंगण चिखलानं भरलं होतं म्हणून ओसरीवर घातल्या. माहेरहून भाऊ आला. त्याचंही रान गेलेलं, म्हणून मी ओवाळणी नको म्हणाले. त्यानं तरी ताटात दहा रुपये टाकलेच.

दिवाळी खराब झाली असं मी म्हणणार नाही. पण शहरातल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, परतीचा पाऊस आमच्याकडं चिवड्याच्या आधी रानात शिरतो.

नाशिक

धाराशिवच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

आमची अडचण पंचांगाची होती. 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, 25 ला सूर्यग्रहण आणि 26 ला पाडवा-भाऊबीज एकाच दिवशी. ग्रहणाच्या आधी सासूबाईंनी फराळाच्या डब्याडब्यात तुळशीचं पान टाकलं. खरी ओढाताण 26 ची. धाकट्या नणंदेचा पहिला दिवाळसण, म्हणजे जावई आमच्याकडे, आणि माझा भाऊ माझी वाट बघत सिन्नरला. शेवटी भावालाच सहकुटुंब इकडे बोलावलं. एकाच पाटावर आधी जावईबापूंना, मग माझ्या नवऱ्याला, मग भावाला ओवाळलं. निरांजनात तीनदा तूप घालावं लागलं.

पुणे

किल्ल्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! विटांवर पोती टाकून वरून माती लिंपली होती. रात्रीच्या पावसात बुरूज खचला आणि मावळे चिखलात. मुलांनी बुरजाच्या जागी दगड रचले आणि अळीव पुन्हा पेरले. ओल भरपूर होती, त्यामुळे असे दाट उगवले की आजवरच्या किल्ल्यांत तोच सगळ्यात हिरवा.

डोंबिवली

मला विचारायचं आहे. दमट हवेत अनारसा तुपात सोडला की पसरून विरतो. पिठाचा अख्खा गोळा तसाच पडून आहे. काही करता येईल का?

सांगली

येईल, पीठ टाकू नकोस गं. आम्ही याला अनारसा हसला म्हणतो. तीन दिवस भिजवलेले तांदूळ सावलीत पसरले तरी अशा हवेत नीट सुकत नाहीत, वर गुळाला पाणी सुटतं. म्हणून मी गूळ घालायच्या आधीच मूठभर पिठी बाजूला काढून ठेवते. तुझ्याकडे नसेल तर साधी तांदळाची बारीक पिठी चालेल. ती चमचा-चमचा मळत जा आणि दर वेळी एकच छोटा अनारसा तळून बघ. पसरायचा थांबला की पिठी घालणं थांबव, नाहीतर कडक होतील. तूप मध्यम आचेवर ठेव. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. जाळी पडली की काढ आणि चाळणीत उभे ठेव, तूप निथळतं. आज गोळा मळून ठेवलास तर उद्या सकाळी तळ, रात्रीत पिठी मुरते. कसे झाले ते कळव.