मदत हवी आहे: आरोग्यशिक्षणाच्या छोट्या अनुदानात बायकांचं मानधन कसं मागावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जणी चार वर्षं बायकांच्या बैठका घेतोय. दवाखाना लांब आहे, रात्री गाडी मिळत नाही. गरोदरपणातली धोक्याची लक्षणं, जन्मल्याबरोबर बाळाला उबेत ठेवणं, पहिल्या तासात अंगावर पाजणं, पाळी, चाळिशीनंतरचा रक्तदाब असे विषय असतात. आमच्यात डॉक्टर किंवा नर्स कोणी नाही. भाषण आम्ही देत नाही. मागच्या बाळंतपणात वेळ कुठे गेला, निर्णय कोणी घेतला, हे एकमेकींना विचारतो आणि पुढच्या वेळी काय करायचं ते गटच ठरवतो. रात्रीच्या गाडीसाठी कोणाचं दार वाजवायचं, त्या नावांची यादी अशाच एका बैठकीत झाली.

आजवरचा खर्च पदरचा. आता पहिल्यांदा एका छोट्या अनुदानाचा अर्ज भरतोय आणि खर्चाच्या पानावर अडलोय. छपाई चालते, साहित्य चालतं, प्रशिक्षणाची जागा चालते. मानधनापुढे मात्र ‘शक्यतो टाळावे’ असं छापलंय. आमच्यातल्या तिघी रोजंदारीवर जातात. बैठकीच्या दिवशी त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, तान्हं मूल शेजारणीकडे ठेवावं लागतं. चित्रांच्या तक्त्यांना पैसे मिळणार आणि ते घेऊन तीन वस्त्या चालणारीला नाही, हे मला पटत नाही. दोघी याच कारणाने गळाल्या. त्यांच्यासारखं बोलणारं आमच्यात दुसरं कोणी नव्हतं.

आणखी दोन अडचणी आहेत. आमची नोंदणी नाही. आणि ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात काय लिहू? एका ओळखीच्यांनी सुचवलं, ‘बालमृत्यू निम्मे करू’ असं ठोकून द्या. मला ते खोटं वाटतं. कोणी असा अर्ज भरला असेल किंवा तपासला असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी काही वर्षं असे अर्ज वाचायचं काम केलंय. ‘निम्मे करू’ लिहिलं नाहीत हे फार बरं केलंत. तुमच्या भागात वर्षाला तीसेक बाळंतपणं होत असतील, तर एखादा मृत्यू कमी किंवा जास्त हा निव्वळ योगायोगही असू शकतो. एवढ्या आकड्यांतून काहीच सिद्ध होत नाही.

तुमची पद्धत मात्र तपासून झालेली आहे, ते जरूर लिहा. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात अशाच महिला गटांचा मोठा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गट चालवणाऱ्या स्थानिक बायकाच होत्या. गट असलेल्या भागात नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी २६ होतं, नसलेल्या भागात ३७. बांगलादेशातल्या पहिल्या अभ्यासात (२०१०) मात्र असा फरक दिसला नाही, बहुधा लोकसंख्येच्या मानाने गट फार विरळ होते म्हणून. गट दाट केल्यावर २०१३ च्या अभ्यासात तो दिसला. त्याच वर्षी सात अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा जिथे किमान ३० टक्के गरोदर बायका गटात येत होत्या तिथे परिणाम ठळक होता. म्हणून ‘इतक्या बैठका, इतकी हजेरी’ यावर थांबू नका. तुमच्या भागातल्या एकूण गरोदर बायकांपैकी किती जणी येतात, ते वहीत मांडा. त्यासाठी आधी घरोघरी जाऊन यादी करावी लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ज त्यावरच उभा राहील.

मानधनाबद्दल तुमचं म्हणणं जागतिक आरोग्य संघटनेच्या भूमिकेशी जुळतं. २०१८ च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना कामाच्या मानाने मोबदला द्यावा असं आहे, आणि तो निव्वळ कामगिरीच्या आकड्यांवर बांधू नये असंही. ही शिफारस नाव घेऊन उद्धृत करा. मानधन एकरकमी दाखवू नका. बैठक, तयारी, गृहभेटी असे तास मांडा, दर तासाला ठरावीक रक्कम धरा, आणि मुलं सांभाळण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. ‘शक्यतो टाळावे’ म्हणजे बंदी नव्हे. अर्ज पाठवण्याआधी फोन करून विचारा.

प्रतिसाद २

नोंदणीचं सांगते. एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर अनुदान घेता येतं, पण लेखी करार आधी करा. आम्ही तोंडी भरवशावर राहिलो आणि पैसे हातात यायला पाच महिने गेले, तोवर पावसाळा संपला होता. रक्कम जमा झाल्यावर किती दिवसांत मिळेल, संस्था स्वतःकडे किती टक्के ठेवेल, पावत्या कोणाकडे राहतील आणि रक्तदाबाचं यंत्र शेवटी कोणाचं, हे सगळं करारात हवं.

बायकांसाठीच्या जागतिक निधींकडे जाणार असाल तर त्यांचा रोख पाहून घ्या. १९८३ पासून चाललेला मामा कॅश हा निधी हक्कांसाठी संघटित झालेल्या गटांना पाठबळ देतो. निव्वळ सेवा किंवा मदतकार्याचा अर्ज तिथे टिकणार नाही. उपचाराचा निर्णय बाईच्या हातात यावा म्हणून तुमचे गट काही करत असतील, तर ते आधी लिहा. परदेशातून पैसे घेण्याचे तुमच्या देशातले नियमही आधीच बघून ठेवा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. घरोघरची यादी रविवारी सुरू करतोय. गळालेल्या दोघींनाही बोलावणं धाडलंय, तासांचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घेणार आहे. करारात यंत्राच्या मालकीचं कलम नेमकं कोणत्या शब्दांत घातलंत, तेवढं सांगाल का?