सत्य ही व्यक्ती कशी असू शकते? ख्रिस्ती श्रद्धेविषयी एक प्रश्न

अपरांत:
सर्वांना नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. एकोणिसाव्या शतकात धर्मांतर केलेल्या मराठी माणसांचे लेखन सध्या वाचत आहे आणि ते वाचताना एका ठिकाणी पुन्हा पुन्हा अडतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे.’ माझ्या समजुतीप्रमाणे खरेखोटेपणा हा विधानाचा गुण आहे. अमुक घटना घडली की नाही, अमुक नियम लागू पडतो की नाही, हे तपासता येते. व्यक्ती सत्य आहे, असे म्हणताना श्रद्धावंताला नेमके काय म्हणायचे असते? आणि एकदा तसे मानल्यावर त्याला उरलेले जग, म्हणजे विज्ञान, इतिहास, इतर धर्मांतील संतांची वचने, हे सारे कसे दिसते? सगळी उत्तरे आधीच ठरलेली असतात की शोधाला काही जागा राहते? उपदेश किंवा खंडन नको आहे. विचार कसा चालतो एवढेच समजून घ्यायचे आहे.

नगरची_वेस:
आपला प्रश्न रास्त आहे. सिद्धांतापेक्षा पंडिता रमाबाईंच्या उदाहरणातून उत्तर द्यावेसे वाटते, कारण हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे अंगावर घेतला होता.

1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तेथील भगिनींनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींनी, लंडनमध्ये चालवलेले, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह त्यांनी पाहिले होते. ज्यांना सगळे टाकून देतात त्यांच्यासाठी ह्या बायका इतक्या का झिजतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे होऊन गेलेल्या आणि यहुद्यांच्या दृष्टीने विटाळाच्या जमातीतील त्या बाईकडे येशू प्यायला पाणी मागतो आणि खऱ्या उपासनेविषयी तिच्याशी बोलतो. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या आणि कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या विदुषीला येथे कोणी नवे प्रमेय सिद्ध करून दाखवले नव्हते. देव माणसाकडे कसा पाहतो हे एका व्यक्तीच्या वागण्यातून उघड होते, असे त्यांना दिसले. ‘व्यक्ती सत्य आहे’ याचा श्रद्धावंताच्या लेखी पहिला अर्थ हाच आहे.

तथापि गोष्ट तेथे संपत नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा पुढेच आहे. दोनच वर्षांत रमाबाई आणि वाँटेजच्या ह्याच भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांच्या पत्रव्यवहारात खटके उडू लागले. त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत आणि येशूचा अलौकिक जन्म यांविषयी रमाबाईंना शंका होत्या, आणि चर्च सांगते म्हणून त्या गिळून टाकायला त्या तयार नव्हत्या. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. त्यांना बुद्धी आणि सदसद्विवेक देवानेच दिलेला होता. तो कोणा अधिकाऱ्याकडे गहाण टाकणे त्यांना देवाशीच अप्रामाणिकपणा वाटत असावा. पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या म्हणतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म समजणे आणि ख्रिस्त सापडणे ह्यांत त्यांनी केलेला हा भेद तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. मते पटणे आणि ज्याच्याविषयी ती मते आहेत त्याच्यावर जीव टाकून विसंबणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली निरुपयोगी नाही, परंतु ती दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

आता कोणी म्हणेल की हा केवळ अनुभव झाला. मग त्याच रमाबाई उतारवयात केडगावच्या मुक्ती सदनाचा, निराधार स्त्रियांच्या आश्रमाचा, एवढा व्याप सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला का बसल्या? मृत्यूच्या थोडे आधी, 1922 मध्ये, त्यांनी ते काम तडीस नेले. ज्याच्यावर विसंबायचे त्याची ओळख साक्षीदारांच्या शब्दांतूनच होते, आणि म्हणून ते शब्द काटेकोरपणे तपासणे हासुद्धा श्रद्धेचाच भाग ठरतो. प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील ख्रिस्ती मंडळीला ‘सर्व गोष्टींची पारख करा’ असेच लिहिले आहे.

बावखल:
वसईहून नमस्कार. वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र चर्चच्या अधिकाराविषयी माझे मत निराळे आहे. कॅथलिक असल्यामुळे मला तो केवळ जोखड वाटत नाही, अनेक शतकांच्या सामुदायिक विचाराची ती शिदोरी आहे असे मी मानतो. असो, त्या वादात येथे शिरत नाही.

जगाविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र हे देव नाहीत, निर्माण केलेल्या वस्तू आहेत, आणि जे निर्माण झाले ते ‘चांगले’ आहे. जग देव नाही, पण आभासही नाही. त्याला स्वतःची घडी आहे आणि ती घडी माणसाला समजू शकते. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी 1927 मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचे गणिताने मांडले आणि 1931 मध्ये आदिम अणूची कल्पना पुढे आणली, तिचाच विस्तार आज महास्फोट म्हणून ओळखला जातो. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात ह्या सिद्धांताचा संबंध थेट सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. पदार्थविज्ञानातील गृहीतक उद्या बदलू शकते, त्याच्यावर श्रद्धेची इमारत उभारू नये आणि श्रद्धेच्या सोयीसाठी गणित वाकवू नये, अशी त्यांची भूमिका होती. मिस्सा अर्पण करणारा हा धर्मगुरू दूरच्या तेजोमेघांच्या वेगाचा हिशोब मांडताना बायबल उघडत नसे, कारण त्यातील आकड्यांची सत्यता दुर्बिणीनेच ठरायची होती.

आमच्याकडे हीच दृष्टी जमिनीबाबत दिसली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या आंदोलनात उभे राहिले तेव्हा विहिरी, वाड्या आणि भातशेती ही माणसाच्या ताब्यात विश्वासाने दिलेली ठेव आहे, ही जाणीव त्यामागे होती. विकासकांना ते आवडले नाही हे सांगायला नको.

तर्कट:
दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, पण निवडक आहेत. लमेत्रची आठवण काढली तर 1633 मध्ये गॅलिलिओवर चाललेला खटलाही आठवावा लागतो. त्या प्रकरणातील चूक चर्चने उघडपणे मान्य करायला 1992 साल उजाडले. रमाबाई स्वतंत्र बुद्धीच्या होत्या म्हणून त्यांचे उदाहरण देता येते. बाकीच्या कितीजणांना तेवढी मुभा मिळाली? गोव्यात कोंफ्रारियांमधून, म्हणजे चर्चमधील बंधुमंडळांमधून, जात टिकलीच की. शिवाय मूळ अडचण तशीच राहते. ‘मी एका व्यक्तीवर विसंबतो’ असे म्हटले की कोणताच पुरावा त्याला धक्का लावू शकत नाही. ज्याला खोटे ठरवण्याची सोयच नाही, त्याला सत्य का म्हणावे?

नगरची_वेस:
तर्कट, जातीविषयी आपण म्हणता ते खरे आहे, आणि ते फक्त गोव्यापुरते नाही. आमच्या मंडळ्यांतही सोयरीक जुळवताना जुन्या जाती अजून वर येतात. ख्रिस्ती विचारात पाप ही कल्पना आहे, ती ह्या संदर्भात मला महत्त्वाची वाटते. माणूस सत्यापासून दूर राहतो तो केवळ माहितीअभावी नाही. सत्य गैरसोयीचे असते म्हणून तो ते दाबतो, आणि हे श्रद्धावंतालाही, चर्चलाही तितकेच लागू आहे. गॅलिलिओच्या न्यायाधीशांना तर ते नक्कीच लागू होते.

खोटे ठरवण्याची सोय नाही, हे मात्र मला मान्य नाही. दर रविवारी उपासनेत आम्ही मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणतो, त्यात पंतय पिलाताचे नाव येते. एका रोमी सुभेदाराचे नाव प्रार्थनेत कशाला हवे? कारण दावा इतिहासातील घटनेचा आहे, अमुक अमदानीत अमुक माणसाला वधस्तंभावर दिले आणि तो पुन्हा उठला, असा. पौल करिंथकरांना सरळ लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. एवढा धोका पत्करणारे विधान तपासाच्या बाहेर आहे असे कसे म्हणता येईल? पुरावा अपुरा आहे असे आपण म्हणू शकता. अनेक विचारी माणसे तसे म्हणतात.

तर्कट:
अपुरा आहे, असेच माझे म्हणणे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या साक्षीवर मी जन्म ओवाळून टाकणार नाही. पण दावा तपासण्याजोगा आहे, एवढे मान्य करतो.

अपरांत:
सर्वांचे आभार. एक गोष्ट अजून राहते. श्रद्धावंताच्या दृष्टीने तुकोबांच्या अभंगांतील सत्याचे काय?

बावखल:
दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये इतर धर्मांतील जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही कॅथलिक चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले. सत्य जेथे सापडेल तेथे ते देवाचेच, ही धारणा त्याहून फार जुनी आहे. माझ्या घरी गाथा आहे आणि ती वाचताना मला परक्या घरात शिरल्यासारखे वाटत नाही.

नगरची_वेस:
रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे अभंग वाचल्यास ही केवळ सौजन्याची भाषा नव्हती हे कळते. आर्तता, सलगी, देवाशी भांडण, सारे वारकरी वळणाचे आहे. तरीही बावखल यांच्यापेक्षा मी थोडे पुढे जाऊन म्हणेन की टिळक पुलावर थांबले नाहीत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेताना घर फुटणार हे त्यांना ठाऊक होते, आणि ते फुटलेच. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. सगळे मार्ग सारखेच असे त्यांना वाटत असते, तर ही किंमत मोजण्याचे कारण नव्हते.

आणि लक्ष्मीबाईंचा मार्ग पतीपेक्षा निराळा होता. त्या सोवळेओवळे पाळणाऱ्या. जाती देवाने केल्या की माणसांनी, ह्या प्रश्नापासून त्यांच्या मनाने वळण घेतले: देवाने केल्या असत्या तर प्राण्यांच्या जातींप्रमाणे माणसांतही तसा भेद दिसला असता, तो तर दिसत नाही. मग त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. त्यांच्या आठवणी आपण अजून वाचल्या नसतील, तर रमाबाईंच्या साक्षीनंतर त्याच घ्याव्यात.